अंगणातलं अर्थिंग

तेरवीचं जेवण झालं. पाहुणे ओसरीत सुपारी कातरत बसले होते. तेव्हा माझी नात मला म्हणाली, "आबा, तुमची अन् आजीची वेव्हलेंथ किती जुळायची ना."

तिचं लग्न ठरलं आहे. पोरगा तिनंच पाहिला. काय पाहून पसंत केला असं विचारलं, तेव्हाही तिनं हेच सांगितलं होतं, वेव्हलेंथ जुळते. आजोबाला बरं वाटावं म्हणून ती बोलली, हे मला कळत होतं.

मी म्हणालो, "नाही जुळायची."

मुलगा म्हणाला, "बाबा, आजच्या दिवशी तरी."

मी रागानं बोललो नव्हतो. होतं तसं बोललो. हा शब्द नातीच्या आधी, तिच्या बापाच्या जन्माच्याही आधी माझ्या ओळखीचा आहे. त्यानंच माझं पोट भरलं. म्हणून बायकोच्या मागं हे लिहायला बसलो आहे. शाळा चौथीपर्यंतची. चुकलं तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं.

वऱ्हाड मुंबई राज्याला जोडला गेला त्याच्या आगेमागेची गोष्ट. अकोल्यात रेडिओचं एक दुकान होतं. मी तिथं ओझी उचलायला लागलो आणि पाहून पाहून तारा जोडायला शिकलो. सरकारनं गावोगावच्या चावडीत रेडिओ बसवले होते. गावात लाइट नव्हती, म्हणून ते बॅटरीवर चालायचे. बॅटरी पाट्यासारखी जड. ती उतरली की नवी नेऊन बसवायची, जुनी घेऊन यायची, हे माझं काम. कधी पातूरकडं, कधी अकोटकडं, एसटीच्या टपावर बॅटऱ्या बांधून जायचो.

रेडिओच्या काचेवर आकडे लिहिलेले असायचे आणि त्यांच्यापुढं मीटर. ती लहरीची लांबी. प्रत्येक स्टेशनाची लांबी वेगळी, काटा बरोबर तिथं आणला तर आवाज, केसभर सरकला तर खरखर. एका गावच्या पाटलानं मला विचारलं होतं, "काहो, नागपूरले इतके मीटर अन् बाकीच्याइले कमी, हा भेदभाव काहून?" मी म्हणालो, "सरकारले इचारा." मला तरी कुठं माहीत होतं.

काट्याचं सगळ्यांना कौतुक, पण आम्हा काम करणाऱ्यांचा जीव अर्थिंगमध्ये असायचा. रेडिओची एक तार जमिनीत गाडावी लागायची. नुसती गाडून भागत नाही. मांडीइतका खोल खड्डा खणायचा. तळाला तांब्याची पट्टी, तिला तार. वर कोळसा, त्यावर खडं मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ, मग माती. आणि रोज त्याच्यावर पाणी टाकायचं. माती सुकली की रेडिओ खरखरतो. चावडीचे कोतवाल हे विसरायचे. एक जण मला म्हणाला, "त्या डब्याले बी तहान लागते काय बावा?" मी म्हणालो, "तुले लागते तशीच."

माझं लग्न होऊन तेव्हा थोडी वर्षं झाली होती. बायको अकोटच्या बाजूची, वावरात राबणाऱ्या घरातली. घर जुन्या शहरात, दोन खोल्या आणि अंगण. घरात मी, ती आणि माझी आई. बाप आधीच वारला होता. तेव्हाची रीत अशी होती की सासूसमोर सून नवऱ्याशी बोलत नसे. काही हवं असलं तर भिंतीला सांगायचं, "तेल सरलं व माय," आणि नवऱ्यानं ऐकून घ्यायचं. सासूला नुसतं "हो" नाहीतर "जी". अशा घरात माणूस बोलतो किती आणि गप्प राहतो किती, हे मोजायला कोणी बसत नाही.

आम्हाला मुलगी झाली. पालथी पडायला लागली होती. श्रावणात तिला डबा झाला, लहान लेकरांना होतो तो छातीचा आजार, छाती भात्यासारखी उडायला लागली. टांगा करून दवाखान्यात निघालो. वाटेतच बायकोच्या मांडीवर गेली. टांगा तसाच परत फिरवला.

लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. शेजारच्या काकांनी अंगणातून आवाज दिला, "मीठ द्या व. खडं मीठ, सूपभर." खड्ड्यात टाकायला लागतं. घरात जमलेल्या बाया रडत होत्या. बायकोच उठली. मिठाचं मडकं सुपात पालथं केलं आणि सूप उंबऱ्यावर आणून ठेवलं. पुरायला बायांनी जायचं नसतं. आम्ही चार पुरुष गेलो. मोर्णा नदीच्या काठी एक बाभूळ होती, तिच्याखाली ठेवून आलो. घरी येऊन आंघोळ केली. तिनं मला काही विचारलं नाही. आई समोर बसली होती, विचारणार कशी?

त्यानंतर ती बोलायची बंद झाली.

हे आम्हाला कळायलाच किती दिवस लागले. ती झाडायची, दळायची, भाकरी थापायची, माझ्या डब्याला चटणी द्यायची. काम कुठं अडलं नाही. मग एक दिवस आई मला म्हणाली, "काय रे बाबू, तुई बायको मले 'हो' बी म्हणत नाई आताशा. मी बोलून राहिली अन् ते पाहून राहिली. जशी का मी भिंतच हावो."

मी रात्री तिला विचारलं. ती छताकडं पाहत राहिली.

मला वाटलं घरात आवाज नाही म्हणून असं होत असेल. दुकानात एक जुना सेट पडून होता, त्याच्या पेटीची एक बाजू तडकलेली. मालक म्हणाला, ने घरी. गावातून उतरवून आणलेल्या बॅटऱ्यांत थोडा जीव उरलेला असायचाच, त्यांच्यावर तो चालायचा. मी बांबू उभे केले, एरिअलची तार ताणली. मग अंगणात न्हाणीच्या पलीकडं खड्डा खणला. दुकानातून पट्टी आणली होती, कोळसा घरचा. चुलीपाशी गेलो आणि बायकोला म्हणालो, "खडं मीठ दे. सूपभर."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग उठली आणि दिलं.

मी खड्ड्यात मीठ पसरत होतो तेव्हा ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. माती लोटली, पायानं दाबली, तार हलू नये म्हणून वर एक चपटा दगड ठेवला. तोवर ती तिथून हलली नाही. मी हात झटकले आणि म्हणालो, "याच्यावर रोज पाणी टाकजो. सुकू देऊ नको."

तिनं मान हलवली. कित्येक दिवसांत तिनं माझ्या बोलण्याला दिलेलं ते पहिलं उत्तर. मी खूश झालो.

दुसऱ्या दिवसापासून ती पाणी टाकायला लागली. सकाळी उठली की तोंड धुण्याआधी आणि दिवे लागायच्या वेळेला. तांब्यानं एकदम ओतायची नाही. ओंजळीनं थोडं थोडं. दगडाभोवतीचा कचरा वेचायची, माती हातानं सारखी करायची. माझा रेडिओ असा स्वच्छ वाजायचा की शेजारी भाव ऐकायला ओसरीत येऊन बसायचे, सरकीचे, कापसाचे. मी दुकानात बढाई मारली, "अर्थिंग पाहायचं असंन तं माह्या घरी या." मालक म्हणाला, "बायको रेडिओवर लट्टू झाली वाटते रे तुई." मीही तसंच समजलो. फक्त एक गोष्ट मला उमजत नव्हती. रेडिओ लावला की ती ओसरीत थांबायची नाही.

पौषात थंडी पडली. पाहतो तर ही चुलीवर पाणी ठेवून, बोट बुडवून पाहून, कोमट करून अर्थिंगवर टाकते आहे. मी हसलो. म्हणालो, "येडी हाय काय व? जमिनीले थंडी वाजते काय?"

ती खाली बघून ओतत राहिली.

इकडं आईचं चालूच होतं. आधी मीठ-मिरची ओवाळून झाली. मग गंडा. मग तिची भाषा बदलली. बडनेऱ्याला आमच्या नात्यात रेल्वेतल्या माणसाची एक पोरगी होती. आई चूल फुंकता फुंकता म्हणायची, "ते पोट्टी कशी चिमणीवानी बोलते. घर भरल्यासारखं वाटते. बावा, मुक्या गाईचं दूध बी मुकंच असते."

मी म्हणायचो, "दुसरी करता येत नाई आता माय. कायदा झाला."

"कायदा दिल्लीले झाला. अथी तुई माय हाय."

मी दुकानाची वाट धरायचो. बायको तिथंच भाकरी थापत असायची. सगळं तिच्या कानावर पडत होतं.

माहेरी धाडलेली बाई परत येत नाही, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक होतं. लेकरू नाही, तोंडात शब्द नाही. तिकडं भावजयांच्या हाताखाली जन्म काढायचा. आई एकदा अकोटला निरोप धाडेल आणि गोष्ट संपेल. मला ती जायला नको होती. पण काय सांगून ठेवून घेऊ? आईला मी काय दाखवू?

त्याच दिवसांत मालकानं मला अमरावतीला पाठवलं. इंग्रजी शिकवणारे एक प्रोफेसर होते, त्यांचा सेट आमच्याकडं दुरुस्तीला आला होता. तो मांडीवर घेऊन गाडीनं बडनेऱ्याला उतरलो, तिथून अमरावती. प्रोफेसर म्हातारे, एकटेच राहत. मी सेट लावून दिला, नागपूर आणलं. त्यांना मोठा आनंद झाला. चहा केला माझ्यासाठी, स्वतः.

काट्याकडं बोट दाखवून म्हणाले, "याला काय म्हणतात, माहीत आहे?"

"मीटर."

"वेव्हलेंथ. लहरीची लांबी. इंग्रजांनी हा शब्द आता माणसांना लावलाय. दोघांचं न बोलता एकमेकांना कळत असलं की म्हणतात, ही दोघं एका वेव्हलेंथवर आहेत."

मी म्हणालो, "आपल्यात सूर जुळले म्हणतात."

"बरोबर. आपला शब्द गाण्याबजावण्यातून आला. त्यांचा आला जहाजांवरून." मग त्यांनी मला समजावून सांगितलं. बिनतारी यंत्र निघालं ते आधी जहाजांवर बसलं. प्रत्येकानं कोणत्या लांबीवर बोलायचं ते ठरलेलं. दोन जहाजं जवळजवळ असली, त्यातलं एक बुडायला लागलं आणि दुसऱ्याचा काटा भलतीकडं असला, तर बुडणाऱ्याची हाक त्याला ऐकूच जात नसे. पुढं घरोघर रेडिओ आले, बायकापोरं बटण फिरवायला लागली, आणि मग लोक एकमेकांविषयी तसं बोलू लागले. "जुन्या इंग्रजी पुस्तकांत शोधलंत तर हा अर्थ सापडायचा नाही. माझ्याहून लहान आहे तो." एवढं सांगून त्यांनी विचारलं, "लग्न झालंय तुमचं?"

"झालं साहेब."

"मग? जुळते का?"

का कोण जाणे, मी त्या परक्या माणसाला खरं सांगितलं. "आमच्या घरचं स्टेशनच बंद हाय साहेब."

ते हसले नाहीत. म्हणाले, "बंद कशावरून? रेडिओवाले तुम्ही आहात. ऐकू आलं नाही की तुम्ही आधी काय करता?"

"काटा हलवून पाहतो."

"मग तेच करा."

बडनेऱ्याच्या फलाटावर बसून मी तेवढंच घोळवत होतो. घरी आल्यावर लागलो काटा हलवायला. हिरव्या बांगड्या आणल्या, तिनं हातात चढवल्या. शेव-चिवडा आणला, तिनं आईच्या ताटात वाढला. एकदा आई बाहेर गेलेली पाहून विचारलं, "माहेरी जाऊन येतं काय चार दिस?" तर तिच्या हातातली परात सुटली, पीठ सांडलं. मला वाटलं, हिला माहेरही नको आहे. म्हणजे हिला काहीच नको आहे. त्या प्रोफेसराचा मला राग आला. सांगायला सोपं असतं. रेडिओचा काटा डावीकडून उजवीकडं एकदाच फिरतो, माणसाचा कुठून कुठं फिरवायचा?

उन्हाळा लागला. माझ्या मावशीनं पातूरकडचा एक भगत आणला. कपाळभर शेंदूर, हातात मोरपिसांचा झाडू. बायकोला समोर बसवून त्यानं काहीबाही म्हटलं, मग अंगणात फिरायला लागला. फिरत फिरत न्हाणीपाशी आला आणि चपट्या दगडासमोर थांबला.

"अथी पुरलं हाय."

आई जाग्यावर बसली.

"मीठ हाय. कोयसा हाय. धातू हाय. या घराची वाचा यानं बांधली."

मला हसू आलं. "मीच पुरलं महाराज. रेडिओसाठी. चाल माय, हा माणूस कोठी तरी आइकून आला."

आईनं माझ्याकडं असं पाहिलं की माझं हसू विझलं. "तुयाच हातानं करवून घेतलं असंन कोनी! पोट्टी गेली, अन् तू आंगणात मीठ-कोयसा पुरून मोकया झाला. अन् रोज त्याले पानी पाजून राहिली हे! करणीले पानी पाजून राहिली!"

"अवो माय, अर्थिंग हाय ते."

"तुया अर्थिंगले आग लागो."

तिनं अकोटला निरोप धाडला. आठवड्याच्या आत बायकोचा मोठा भाऊ आला. चांगला माणूस, कमी बोलणारा. ओसरीत टोपी मांडीवर घेऊन बसला. बायकोची पेटी आईनं आधीच दाराशी आणून ठेवली होती. आई म्हणाली, "सोयरे, मी अन्याव करत नाई. माह्या पोराच्या हातानं ते उकरून नदीत टाकतो. मंग तुमची बहीण बोलली तं राहीन. नाई बोलली तं तुमच्यासंगं संध्याकायच्या गाडीनं जाईन."

भाऊ माझ्याकडं बघून म्हणाला, "भाऊजी, तुमचं काय म्हणनं हाय?"

माझं म्हणणं काही नव्हतं. उकरल्यानं कोणी बोलत नाही, हे मला कळत होतं. पण नाही म्हणालो तर आई त्याच पावली तिला गाडीत बसवणार. उकरायला लागलो तर तेवढीच घटकाभर वेळ मिळेल, इतकाच हिशेब डोक्यात होता. मी सब्बल, म्हणजे पहार, घेतली. आधी दगड बाजूला केला. माती ओलीच होती, तिनं सकाळीच पाणी टाकलं होतं. सब्बल पहिल्याच घावात अर्ध्यावर आत गेली.

बायको घरातून धावत आली. तिचा पदर डोक्यावरून पडला होता, आणि मोठ्या भावासमोर, सासूसमोर, तिला त्याची शुद्ध नव्हती. ती त्या मातीवर पालथी पडली. सब्बल मी कशीबशी ओढून घेतली, नाहीतर तिच्या पाठीत बसली असती.

"तिले उकरू नका," ती म्हणाली.

आवाज फाटलेला होता. वापरात नसलेल्या दाराच्या कडीसारखा. पहिल्यांदा आम्हाला शब्द कळलेच नाहीत, नुसता आवाज कळला. भाऊ उठून उभा राहिला. मी म्हणालो, "कोणाले व? कोणाले उकरू नको?"

ती मातीवर हात फिरवत म्हणाली, "झोपली हाय ते. उकरू नका."

मला तरीही कळलं नाही. हे लिहिताना सांगतो, तेव्हाही कळलं नाही. मी विचार करत होतो की भगत म्हणाला ते खरं झालं, हिला वेड लागलं. कळलं ते माझ्या आईला. ती ओट्यावरून उतरली, माझ्या हातातली सब्बल काढून घेतली आणि भिंतीला टेकवली. मग सुनेजवळ मातीत बसली. माझी आई, जी सुनेच्या ताटाला ताट लावून कधी जेवली नाही.

"मीठ तूच देल्लं होतं ना व दोन्ही वख्ताले?" आई म्हणाली.

बायकोनं मान हलवली.

आईनं सब्बलीनं उडालेली माती हातानं सारखी केली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "माहे दोन गेले. तुयावरचा एक अन् तुया पाठची एक. तुया बापानं नेले. मीठ म्याच देल्लं. कोठी ठेवले ते मले आजलोक माईत नाई. नदीवर धुनं धुवाले जावो तं पाय टाकाचा भेव वाटे. याच्यावर तं पाय पडून नाई राहिला? त्याच्यावर तं धुनं आपटून नाई राहिली मी?" तिनं पदरानं नाक पुसलं. "इचाराचं नसते म्हनत. मंग नाई इचारलं."

मला माझ्या वरचा एक भाऊ होता हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

भावानं पेटी उचलली आणि स्वतःच घरात नेऊन ठेवली. त्या संध्याकाळी तो भाकरी खाऊन एकटाच गाडीनं गेला. जाताना बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. बायकोच्या माहेरचं कोणीच फार बोलणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दोघींना नदीवर घेऊन गेलो. पुरल्या जागी बायांनी जायचं नसतं, पण आईच म्हणाली, दाखव. वाटेत लोक बघत होते. बायकोनं लोटा घेतला होता. मी पुढं, मागं त्या दोघी. मला बाभूळ पक्की आठवत होती. वळणावर आलो आणि थांबलो. बाभूळ नव्हती. काठच नव्हता. मागच्या पुरात तिथली माती खचून गेली होती आणि खाली नुसता दगडगोट्यांचा उतार होता, त्यात एक म्हैस उभी होती.

मी म्हणू शकलो असतो, हे बघ, इथं. दुसरी बाभूळ होती की पलीकडं. पण तोंडातून निघालं नाही. म्हणालो, "इथं होती. काठ वाहून गेला."

बायको पाहत राहिली. आई म्हणाली, "माहे तं कवाचेच गेले असतीन मंग," आणि खाली बसली. तिला उठवायला आम्हा दोघांना हात द्यावा लागला.

बायकोनं लोट्यातलं पाणी तिथं टाकलं नाही. लोटा तसाच भरलेला घेऊन वळली आणि म्हणाली, "चाला. घरचं सुकलं असंन."

रात्री मी तार काढली. खड्डा उकरला नाही, तार वरून कापली. रेडिओ त्यानंतर खरखरायचा. मी तो दुकानात परत नेऊन दिला. मालकाला सांगितलं, बॅटऱ्या मिळत नाहीत.

बडनेऱ्याच्या पोरीचं नाव आईनं पुन्हा काढलं नाही. सुनेला एक दिवस जमलं नाही तर आई स्वतः पाणी टाकायची. एकदा तिला तीन ओंजळी वेगवेगळ्या जागी टाकताना मी पाहिलं. आम्हाला पुढं दोन मुलगे झाले. साठ सालानंतर ट्रान्झिस्टर आले. त्यांना ना एरिअल लागायचं, ना अर्थिंग. चावडीतले सेट गेले, माझं काम गेलं. मी पुढं पंखे आणि विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायला शिकलो. पाणी मात्र चालू राहिलं. घर पक्कं केलं, अंगणाला फरशी घातली, तेव्हा गवंड्याला म्हणालो, एवढा चौकोन सोड. तो म्हणाला, झाड लावता काय? मी म्हणालो, हो.

नातीला वाटतं तसं आमचं कधी झालं नाही. बायको बोलायला लागली, पण कामापुरती. मी बडबड्या. मी एक विचारलं की ती दुसरीकडं पाहायची. भांडलो, पुष्कळ भांडलो. तिला काय हवं आहे हे मला कधी आधी कळलं नाही, ते नेहमी कोणीतरी दुसऱ्यानं सांगितलं, नाहीतर उशिरा कळलं. एवढंच की त्या दिवसानंतर तिचं बोलणं मला ऐकू येत नाही म्हणजे ती बोलतच नाही, असं मी धरून चाललो नाही. मी त्या चौकोनाकडं बघायचो. माती ओली असली की आज बरं आहे. एवढंच माझं यंत्र होतं.

यंदा पावसाळा संपल्यावर एक दिवस मी अंगणात आलो तर चौकोनातली माती कोरडी होती. भेगा पडलेल्या. मी आत गेलो. ती बाजेवर बसली होती. म्हणालो, "पानी काहून नाई टाकलं?"

"टाकतो. थकली जराशी."

मी त्याच दिवशी तिला डॉक्टरकडं नेलं. मुलगा म्हणाला, बाबा, थकवा असेल, वय झालं. डॉक्टरनं तपासलं, फोटो काढले आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाला, दुखत असेल हिला वर्षभर तरी, बोलली कशी नाही? पोटात गाठ, पसरलेली. त्यानं महिने सांगितले, तिनं तेवढेही घेतले नाहीत.

शेवटी शेवटी तिला बाजेसकट ओसरीत आणायचो. ती चौकोनाकडं बघायची आणि मी पाणी टाकायचो. मी भसकन ओततो म्हणून तिच्या कपाळाला आठी पडायची. एकदा म्हणाली, "हयू." हळू.

तेरवीला नातीनं तो शब्द काढला तेव्हा हे सगळं ओसरीत कसं सांगणार? म्हणून नाही जुळायची म्हणालो.

आता थंडी पडली आहे. सून सकाळी गिझर लावते. मी बादलीत बोट बुडवून पाहतो आणि ओंजळीनं टाकतो. काल नात दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "आबा, इथं तर झाड पण नाही."

मी म्हणालो, "नाही." आणि दुसरी ओंजळ टाकली.